मास्तरांनी सोडलेली जागा

छापखान्यात होती तेव्हा तिच्या गळ्यात कायम एक भिंग असायचं. काळ्या दोरीत ओवलेलं, अंगठ्याएवढं. छापून आलेला कागद ती टेबलावर पसरायची, भिंग त्यावर टेकवून एक डोळा मिटायची, रंग एकमेकांवर नेमके बसलेत का ते बघायची आणि म्हणायची, "निळा सरकलाय."

"निळा नाही सरकला, ताई. तुमची मान वाकडी झालीय," मशीनवाला म्हणायचा. पण म्हणता म्हणता हात मशीन थांबवायलाच गेलेला असायचा.

तिथंच तिला भिंगूताई हे नाव पडलं. पुढे छापखाना बंद झाला, मशीन भंगारात गेलं, माणसं पांगली. भिंग तेवढं तिच्याकडे राहिलं आणि नावही राहिलं. नवरा तर तिला भिंगूच म्हणायचा, जणू लग्नाआधी तिला दुसरं नावच नव्हतं.

नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. दिवसभर मुलांना सफरचंद आणि सुरई काढायला शिकवायचा. संध्याकाळी घरी येऊन स्वतः जे काढायचा, त्यात सफरचंद सोडाच, सफरचंदाची सावलीही सापडत नसे. रंगाचे थर, खरवडलेले पट्टे, कुठे एखादा खोल ओरखडा. त्याची थोरली बहीण, आक्का, शेजारच्याच गल्लीत राहायची. ती कमरेवर हात ठेवून कॅनव्हाससमोर उभी राहायची.

"हे काय काढलंयस?"

"काहीच नाही."

"मग एवढा रंग कशाला घालवलास?"

मास्तर हसायचे. घरात कुणी नावं ठेवली की त्यांना बरं वाटायचं. बाहेर कुणी ठेवली की दोन दिवस जेवण जायचं नाही.

छापखाना बंद झाल्यावर भिंगूताईच्या हाताला काम उरलं नाही. हात रिकामे राहिले की तिचं डोकं दुखायचं. एका रविवारी मास्तर बाहेर गेलेले असताना तिनं घरातल्या स्कॅनरचं झाकण काढून टाकलं, मास्तरांचा अर्धवट कॅनव्हास जमिनीवर आडवा घातला आणि स्कॅनर त्यावर पालथा ठेवून पट्टीपट्टीनं सरकवत नेला. त्या पट्ट्या कॉम्प्युटरवर एकमेकींना शिवल्या. एक ओरखडा इतका मोठा केला की तो नदीच्या पात्रासारखा दिसायला लागला. मग तो पारदर्शक फिल्मवर उलटा छापला, कॅनव्हासवर चिकट लेप लावून फिल्म त्यावर पालथी घातली आणि चमच्याच्या पाठीनं घासघासून सोलून काढली. शाई कॅनव्हासवर उतरली, फिल्म कोरी झाली.

मास्तर परत आले. दारातच थांबले. आता घर डोक्यावर घेणार, असं तिला वाटलं. ते कॅनव्हासपाशी वाकले आणि म्हणाले, "हा माझाच ओरखडा आहे."

"तुमचाच आहे. मी फक्त जवळून बघितला."

त्या दिवसापासून दोघं मिळून चित्रं करायला लागले. आधी मास्तर रंग लावायचे. मग ती स्कॅन करून, ताणून, उलटवून, रंग फिरवून छापायची आणि कॅनव्हासवर उतरवायची. मग पुन्हा मास्तर, मग पुन्हा ती. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की चित्र झालं.

सुरुवातीला भांडणं व्हायची. ती म्हणायची, इथला लाल का झाकलात? ते म्हणायचे, तू बोललीस की माझा हात अडतो. शेवटी नियम ठरला. ज्याची पाळी, त्याचा कॅनव्हास. दुसऱ्यानं त्या खोलीत जायचं नाही, आणि पाळी झाल्यावरही एका शब्दानं विचारायचं नाही. का केलं, का सोडलं, काही नाही. जे आलं त्यावर आपलं काम करायचं. या नियमावर त्यांचा संसार सुरळीत चालला. दोघांना त्याचा अभिमानही होता. गॅलरीत कुणी विचारलं तर मास्तर सांगायचे, "आम्ही चित्राबद्दल बोलत नाही, म्हणून अजून बोलतो."

एक गोष्ट मात्र तिला सलायची. शेवटचा हात नेहमी मास्तरांचा. ती उतरवायची ते त्यांच्या रंगाखाली जायचं. कुठे एखादी कड उघडी राहायची, कुठे पातळ रंगातून तिच्या छपाईच्या जाळीचे ठिपके दिसायचे, तेवढंच. लोक म्हणायचे, मास्तरांचं चित्र. सही मास्तरांची, उजव्या कोपऱ्यात.

"मी या चित्रातली तळमजल्यावरची भाडेकरू," ती आक्काला म्हणायची. "वरून मालक चालतात तेवढं ऐकू येतं."

"मग भांड ना त्याच्याशी."

"नियम आहे ना, आक्का."

"तुझे नियम घाल चुलीत. जागा मागितल्याशिवाय कुणी देत नसतं."

ती मागायची नाही. पण दर फेरीला, आपला थर उतरवून खोलीचं दार ओढून घेताना, तिच्या मनात यायचं, या वेळी तरी थोडं उघडं ठेवतील.

आणि एकदा ठेवलं.

मास्तर निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. तिनं नवा कॅनव्हास स्कॅनरखाली घातला आणि डावीकडच्या पट्ट्या जवळजवळ कोऱ्या आल्या. आधी वाटलं, स्कॅनरचा दिवा गेला. काच पुसली, पुन्हा फिरवला. दिवा ठीक होता. मास्तरांनी उजवी बाजू दाट भरली होती, नेहमीपेक्षाही दाट, आणि डावीकडे येता येता रंग विरत गेला होता. कडेचा हातभर भाग तर पांढराच.

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्यासाठी असं काही केलं नव्हतं. जाऊन विचारावं, असं फार वाटलं. नियम आठवला. मग तिनं गळ्यातलं भिंग काढून मास्तरांच्या उजवीकडच्या रंगावर टेकवलं, त्यातला एक इवलासा तडा निवडला आणि तो वाढवत, विणत सगळी डावी बाजू भरून काढली. करड्यातला निळा, निळ्यातला काळा. पुढच्या फेरीत हे झाकलं जाणार, हे गृहीत धरूनच तिनं कॅनव्हास परत दिला.

तो परत आला तेव्हा उजवीकडे आणखी दोन थर चढले होते. डावीकडे ब्रशचा एक केससुद्धा लागला नव्हता.

त्या दिवशी ती भाजी निवडताना गुणगुणत होती. मास्तरांनी विचारलं, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "काही नाही." नियमाप्रमाणे आभारही मानता येत नव्हते.

पुढचं चित्र तसंच आलं. त्याच्या पुढचंही. पांढरी जागा हळूहळू रुंद होत होती आणि ती हावरटासारखी भरत होती. कधी नव्हे ते तिला पहाटे जाग यायची, त्या दिवशीची शाई डोळ्यांसमोर दिसायची. नवरा म्हातारपणी समजूतदार झाला, असं तिनं आक्काला सांगितलं.

"समजूतदार?" आक्का म्हणाली. "परवा माझ्याकडे आला तर अर्धीच दाढी करून. म्हटलं, उरलेली उद्या करणार का?"

"त्यांचं लक्ष नसतं, आक्का. चित्रात असतं."

जेवताना ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायला लागली. मास्तर उठायला लागले की ती म्हणायची, "हे कुणासाठी ठेवलंत?" आणि ताट फिरवून द्यायची. ते म्हणायचे, "अरे, अजून आहे होय," आणि निमूटपणे जेवायचे. तो घरातला विनोदच झाला. आक्का आली की स्वतःच ताट फिरवायची आणि म्हणायची, "घे, दुसरा खेळ सुरू." सगळे हसायचे. मास्तरही हसायचे.

प्रदर्शन भरलं. गॅलरीवाला तिशीतला, तोंडानं गोड, एका चित्रावरून दुसऱ्यावर फुलपाखरासारखा उडणारा. पण ही चित्रं बघून तो पहिल्यांदाच एका जागी थांबला.

"मास्तर, इतकी वर्षं तुम्ही सगळं सांगून टाकायचात. आता निम्म्यावर थांबता आणि पुढचं यांना बोलू देता. हे धाडस आहे."

मास्तर म्हणाले, "थांबतो? मी कुठं थांबलो? पुरतं भरलंय."

गॅलरीवाल्याला ते उत्तर फार आवडलं. पुढे तो ते प्रत्येकाला सांगत होता. भिंगूताईला वाटलं, मास्तर मोठेपणा करतायत. पांढरी जागा तिला दिली, हे चारचौघांत बोलून दाखवत नाहीत.

सगळ्यात मोठं चित्र मधल्या भिंतीवर होतं. त्याच्या उजव्या कोपऱ्यात मास्तरांची सही होती. डाव्या कोपऱ्यात, गॅलरीवाल्याच्या आग्रहावरून, तिनं स्वतःची केली होती. आयुष्यातली पहिली. बारीक ब्रशनं, भिंग लावून. लोक वाकून वाचत होते आणि ती भिंतीला टेकून उभी राहून बघत होती.

मास्तरांचा एक जुना विद्यार्थी त्यांच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला, नमस्कार केला, काही बोलला. मास्तर समोर बघत राहिले. विद्यार्थी पुन्हा बोलला. मग ओशाळून बाजूला झाला. "मोठे झाले मास्तर," तो जाता जाता कुणाला तरी म्हणाला. तिनं ते ऐकलं. घरी जाऊन सांगू, म्हणून सोडून दिलं आणि विसरली.

प्रदर्शन संपल्यावर महिन्याभरातली गोष्ट. तिच्या पाळीत मास्तर त्या खोलीत जात नसत, तशी ती त्यांच्या पाळीत. त्या दुपारी ती बाहेर बसली होती. रंग वाळवायच्या गरम हवेच्या यंत्राचा आवाज येत होता. मग वास आला. रंगाचा नव्हता. ती नियम मोडून आत धावली.

मास्तर उजव्या हातात यंत्र धरून शांतपणे कॅनव्हास वाळवत होते. त्यांचा डावा हात यंत्राच्या तोंडासमोर होता. कातडी पांढरी पडून फुगली होती.

"अहो, हात!"

"कुणाचा?" मास्तर म्हणाले.

दवाखान्यात हाताला मलमपट्टी झाली. तरुण डॉक्टरबाई होत्या. भाजल्याचं कळलं कसं नाही, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग मास्तरांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी हातोडीनं गुडघे ठोकले, बोटं हलवून दाखवली आणि शेवटी कागद-पेन्सिल पुढे सरकवली.

"मास्तर आहात ना चित्रकलेचे? मग एक घड्याळ काढून द्या. आकडे घालून."

मास्तरांनी झकास गोल काढला. आयुष्यभर फळ्यावर काढलेला, एका फिरकीत. मग आकडे घातले. बारापासून सहापर्यंत उजवीकडे नीट उतरले. मग सात, आठ, नऊ, दहा, अकरा, तेही तिथंच, एकमेकांच्या अंगावर, उजव्या कडेला दाटीवाटीनं. डावा अर्धा गोल कोरा. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"झालं."

भिंगूताई मागे उभी होती. आपसूक तिचा हात भिंगाकडे गेला. पण भिंगाची गरज नव्हती. हे चित्र तिच्या ओळखीचं होतं. वर्षभर ती हेच चित्र पुरं करत होती.

डॉक्टर तिला बाहेर घेऊन गेले. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ दिसण्याची शक्यता आहे, म्हणाले. डोळे चांगले असतात, पण डावीकडे काही आहे, हेच मेंदूला वाटत नाही. नाही, हे त्या माणसाला कळत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळं पुरतंच असतं.

"हळूहळू वाढत गेलेलं दिसतंय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? चित्रं काढतात ना, चित्रांत दिसायला हवं होतं."

"चित्रांत दिसलं नाही," ती म्हणाली. "मी भरलं."

डॉक्टरांना काही समजलं नाही. त्यांनी तपासण्यांची नावं सांगायला सुरुवात केली.

घरी येऊन तिनं कॉम्प्युटर लावला आणि आपला हात लागण्याआधीचे स्कॅन ओळीनं उघडले. पहिल्या चित्रात हातभर पांढरं. दुसऱ्यात जास्त. शेवटच्यात रंग अर्ध्यापर्यंतही पोचला नव्हता. इतक्या स्पष्टपणे मांडलेलं दुखणं कुठल्या डॉक्टरला मिळालं नसेल. छापखान्यात केसभर सरकलेला निळा पकडणारी ती, आणि हे तिच्या डोळ्यांखालून गेलं. गेलंही नाही, तिनं हातानं झाकलं, वर सही केली.

आक्का आली. तिनं पडद्यावर बघितलं, मग भावजयीच्या तोंडाकडे. या वेळी कमरेवर हात नव्हते.

"मीही ताट फिरवायचेच की गं," एवढंच म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मास्तर खाटेवर बसले होते. डोकं भादरलेलं, त्यामुळे शाळकरी पोरासारखे दिसत होते. ती त्यांच्या उजव्या बाजूला बसली. एव्हाना सगळे उजव्या बाजूलाच बसायला शिकले होते. तिनं नियम मोडून विचारलं.

"एक विचारू? चित्रात तुम्ही माझ्यासाठी जागा सोडली होती ना? पहिल्यांदा तरी? अगदी पहिल्या चित्रात?"

मास्तर विचारात पडले. प्रामाणिकपणे आठवत होते, ते दिसत होतं.

"कुठली जागा?" ते म्हणाले.

ती उठून खिडकीपाशी गेली. खाली कुणीतरी गाडी लावत होतं, पुढे घेत होतं, मागे घेत होतं. ती ते संपेपर्यंत बघत राहिली.

गाठ सगळी निघाली नाही. निघण्यासारखी नव्हती. काढली तेवढी काढली, पुन्हा वाढेल, किती दिवसांत ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मास्तर घरी आले ते डावा पाय ओढत. डावा हात मांडीवर पडून असायचा आणि तो आपला आहे, हे त्यांना पटवावं लागायचं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती. पानाच्या, ताटाच्या, कशाच्याही डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवायची आणि ती सापडेपर्यंत नजर डावीकडे न्यायला लावायची. भिंगूताईनं घरभर लाल पट्ट्या चिकटवल्या. दाराच्या चौकटीला, आरशाला, टेबलाला. मास्तर मान वळवत, वळवत जायचे, मध्येच थकायचे आणि म्हणायचे, "नाही गं. एवढंच आहे."

गॅलरीवाला भेटायला आला. सगळं ऐकून त्याचा चेहरा खरंच पडला. जाताना मात्र दाराशी तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, मधल्या भिंतीवरचं ते मोठं चित्र उद्या न्यायला माणूस पाठवतो. गॅलरीच्या कायमच्या संग्रहात जातंय. तुमच्या दोघांच्या सह्या असलेलं तेवढंच. आणि ही हकिगत... लोकांना कळली तर त्या चित्राकडे ते वेगळ्या नजरेनं बघतील."

"कुठल्या नजरेनं?" आक्कानं आतून विचारलं. तोवर तो पायऱ्या उतरला होता.

प्रदर्शनातून परत आलेलं ते चित्र कामाच्या खोलीत भिंतीला टेकून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर म्हणाले, मला आत घेऊन चल. तिनं त्यांना खुर्चीवर बसवून चित्रासमोर नेलं, कॅनव्हासच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि मागे उभी राहिली.

"पट्टी शोधा."

मास्तरांची मान हळूहळू वळली. त्यांच्या स्वतःच्या दाट रंगावरून, विरलेल्या कडेवरून, आणखी पुढे. कपाळावर घाम आला. आणि क्षणभर ती वळली पुरती. त्यांना पट्टी दिसली. पट्टीच्या आतली ती करडी-निळी वीण दिसली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"माझ्या चित्रात?" आवाजात राग नव्हता. जुनंच आश्चर्य होतं, पहिल्या ओरखड्याच्या वेळचं. "चांगलंय. पण फार मोकळं राहिलंय गं. झाकायला हवं."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांना काहीतरी करावंसं वाटलं होतं. तिनं करडा रंग कालवला आणि ब्रश त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी पट्टीजवळ एक फटकारा मारला, दुसरा मारला. तिसरा मध्ये पडला. चौथा पार उजवीकडे, स्वतःच्याच जुन्या रंगावर. मान परत सरळ झाली होती. ते तिथंच रंग लावत राहिले.

"इथं काहीतरी होतं ना आत्ता?" मास्तर म्हणाले. "गेलं का?"

"नाही. आहे."

खाली रस्त्यावर टेम्पो येऊन थांबला. हॉर्न वाजला. गॅलरीचा माणूस आला होता.

भिंगूताईनं कॅनव्हास दोन्ही हातांनी धरला, ताट फिरवावं तसा, खालची कड वर जाईल असा फिरवला आणि पुन्हा भिंतीला टेकवला. आता तिची बाजू उजवीकडे आली होती. तिची सही उलटी होऊन वरच्या कोपऱ्यात गेली होती.

"हां," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "हे बघ, इथं आहे."

पुन्हा हॉर्न वाजला. ती खिडकीकडे गेली नाही. मास्तर भरभर काम करत होते, पूर्वी करायचे तसे, जीभ दातांत धरून. तिनं विणलेलं एकेका फटकाऱ्याखाली जात होतं. कुठे ठिपके दिसत राहिले की ते त्यावर पुन्हा हात फिरवत. वरचा कोपरा हाताला येईना, तेव्हा तिनं कॅनव्हास थोडा वाकडा करून धरला. सही झाकली गेली.

आक्का दाराशी येऊन उभी होती. "अगं, तो माणूस..." ती म्हणाली आणि थांबली.

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. आता त्यांचे स्वतःचे सगळे थर, सगळे ओरखडे डावीकडे होते आणि त्यांच्यासाठी ते नव्हतेच. समोर फक्त ओला करडा रंग होता. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत समाधानानं बघितला.

"झालं," ते म्हणाले. "आता तुझी पाळी."

"हो," ती म्हणाली, आणि रंग वाळायची वाट बघत त्यांच्या उजव्या बाजूला बसली.